चाकाची जड बाजू

आयर्लंडमधल्या क्लोनडॉकिनच्या आमच्या घरात कुकरची शिट्टी होऊ द्यायची नाही, हा पहिला नियम होता. आई सरकारी हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. तिच्या ड्युट्या अशा विचित्र, की आठवड्यातले तीन-चार दिवस ती भर दुपारी वरच्या खोलीत पडदे ओढून झोपलेली असायची, आणि ती झोपली की सगळ्या घराने श्वास धरून बसायचं. बाबा डाळ लावायचे आणि शिट्टी फुसफुसायला लागली की सांडशी घेऊन तिच्यासमोर उभे राहायचे, उंदराच्या बिळापाशी मांजर बसतं तसे. आता होणार असं वाटलं की कुकर उचलून बाजूला. फोडणीचा प्रकार याहून अवघड. मोहरी तडतडली की जिन्यावरच्या छतातला स्मोक अलार्म केकाटायचा, म्हणून बाबांनी फोडणी घराबाहेर काढली होती. मागच्या अंगणात भिंतीला टेकवलेलं एक जुनं टेबल, त्यावर गॅसची छोटी शेगडी, एका हातात कढल्याची मूठ आणि दुसऱ्या हातात छत्री, कारण पाऊस असायचाच. आम्ही घरात पायमोज्यांवर वावरायचो. कपाटांना तिकडे प्रेस म्हणतात आणि पुढे आम्हीही म्हणायला लागलो, त्यांची दारं मध्ये बोट घालून लावायचो. आई जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आजही माझ्या हातून एखादं दार जोरात लागलं की मी दचकून वर बघते.

बाबांचं भोसरीला टायरचं वर्कशॉप होतं. अलाइनमेंट आणि बॅलन्सिंगची दोन मशिनं, कामाला चार माणसं, आणि दारात कायम एक-दोन गाड्या. ऐंशीच्या पुढे गेलं की स्टिअरिंग थरथरतं, अशी तक्रार घेऊन लोक पार चाकणहून त्यांच्याकडे यायचे. बाबा चाक जॅकवर उचलून नुसतं हाताने फिरवायचे आणि मशीनवर चढवायच्या आधीच सांगायचे की वीस ग्रॅम कमी आहे. आईला आयर्लंडची नोकरी लागली तेव्हा वर्कशॉप विकून ते आमच्याबरोबर आले. आईने विचारलं होतं, त्यांनी हो म्हटलं होतं, जबरदस्ती कुणीच केली नव्हती, आणि वाईट ते हेच होतं, कारण मग रागवायचं कुणावर? सुरुवातीला त्यांना तिथे काम करायची परवानगी नव्हती. परवानगी आली तेव्हा ते तीन-चार गॅरेजमध्ये जाऊन आले. इथला अनुभव आहे का, इथलं सर्टिफिकेट आहे का, नंतर कळवतो. मग ते जायचे थांबले. आईचा हॉस्पिटलातला निळा फ्लीस अंगात घालून ते दिवसभर स्वयंपाकघरात असायचे. घरी कुणी आलं, म्हणजे आईबरोबरचे डॉक्टर किंवा सँट्री उपनगरातून येणारी आयटीवाली मंडळी, की कुणीतरी विचारायचंच, "मग, तुम्ही काय करता?" आणि बाबा म्हणायचे, "मी? मी सुट्टीवर आहे." सगळे हसायचे. सहा वर्षं हाच विनोद चालला, आणि मला तो पहिल्या वर्षीसुद्धा आवडला नव्हता.

माझी गोष्ट वेगळी होती, पण कोंडी तीच. मी सतरा वर्षांची, लीव्हिंग सर्टच्या वर्षाला, म्हणजे तिकडच्या बारावीला. मेडिकलला किती पॉइंट्स लागतात ते आमच्या फ्रिजवर लाल अक्षरात लिहिलेलं होतं, आणि त्याखाली आईने केलेलं माझं वेळापत्रक. त्यात आंघोळीला बारा मिनिटं होती. मी ते वेळापत्रक इतक्यांदा पाहिलंय की आजही म्हणून दाखवीन. मला डॉक्टर व्हायचं आहे का, हे आईने विचारलं नव्हतं आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं. खिडकीबाहेर एकसारखी घरं, एकसारखी छपरं, साडेचारला अंधारणारं आकाश, आणि आत ओठ मिटून चालणारं आमचं घर. मला कधी कधी वाटायचं की मी पाठांतर मोठ्याने केलं तर भिंतींना तडे जातील. पुढे मी डॉक्टर झाले. आईच्या इच्छेने झाले, हे वाक्य आता मी रागाशिवाय लिहू शकते. एवढं यायला बरीच वर्षं गेली.

भिंतीपलीकडे डेक्लन राहायचा. पेशाने प्लंबर, चाळिशीचा, एकटा, आणि महिन्यातून एखाद्या रविवारी शर्यतीत गाडी चालवणारा. शर्यत म्हटल्यावर टीव्हीवरचं काही डोळ्यांपुढे आणू नका. ही हौशी लोकांची क्लबची शर्यत होती. पंधरा-वीस जुन्या छोट्या गाड्या, आतल्या सीटा उपटून टाकलेल्या, दारावर रंगवलेला आकडा, आणि आत बसलेला कुणी प्लंबर, कुणी मास्तर, कुणी गाईगुरांचा शेतकरी. एका दुपारी बाबा छत्रीखाली फोडणी देत होते आणि मी हिंग घेऊन शेजारी उभी होते, तेव्हा पलीकडून खोकल्याचा आवाज आला आणि त्यापाठोपाठ शिव्या. शिव्या आम्हाला नव्हत्या. बाबांनी टाचा उंचावून भिंतीवरून पाहिलं. डेक्लन त्याच्या शेडच्या दारात स्टँडवर एक चाक आडव्या दांड्यात अडकवून फिरवत होता, आणि ते दर वेळी वेगळ्याच जागी थांबत होतं. बाबा बराच वेळ नुसते बघत राहिले. मग त्यांच्या त्या तुटक इंग्रजीत म्हणाले, "चाकात काही नाही. तुझा स्टँड तिरका आहे." डेक्लनने पाण्याची बाटली आडवी ठेवून पाहिली, आणि खरंच तिरका होता. बाबांनी कढलं माझ्या हातात दिलं आणि गल्लीतून वळसा घालून पलीकडे गेले. मोहरी जळली. त्या दिवशीचं वरण कडू होतं, आणि बाबा जेवताना शीळ घालत होते. आईने विचारलं, "काय झालंय आज?" ते म्हणाले, "काही नाही, डेक्लनरावांकडे गेलो होतो."

मग हे नेहमीचंच झालं. शनिवार आला की बाबा शेडमध्ये, आणि वेळापत्रकातली फिरायला जायचा पाऊण तास घेऊन मीही. शेड म्हणजे लाकडी खोली, आत ओल्या लाकडाचा आणि गरम रबराचा वास. शर्यतीत टायर तापतात आणि ट्रॅकवर पडलेलं रबर त्यांना गोळ्यागोळ्यांनी चिकटतं. ते आधी गरम हवेच्या बंदुकीने मऊ करून पट्टीने खरवडून काढायचं, नाहीतर त्या गोळ्यांचंच वजन मोजलं जातं. मग चाक दांड्यावर चढवायचं आणि अगदी हलकं ढकलायचं, झोळीतल्या बाळाला ढकलतात तेवढंच. चाक जातं, परत येतं, डुलतं आणि थांबतं. त्याची जड बाजू खाली येऊन थांबते. तिच्या बरोब्बर समोर, वरच्या बाजूला, रिमच्या आत पाच-पाच ग्रॅम वजनाचे, चिकटणारे धातूचे तुकडे लावायचे, पुन्हा ढकलायचं, आणि ते चाक कुठेही थांबायला लागेपर्यंत हे करत राहायचं. शेवटी तुकड्यांवर चंदेरी टेप. भोसरीच्या मशीनवर आकडे दिसायचे. इथे आकडे नव्हते. बाबा आधी या स्टँडला हसले आणि नंतर त्याच्या प्रेमातच पडले. तुकडे चिकटवायच्या आधी ते रिम स्पिरिटने पुसायचे, आणि पुसून झाल्यावर उघडा अंगठा आतून पूर्ण गोल फिरवून तो उजेडात धरून बघायचे. "डोळ्यांना दिसत नाही ते अंगठ्याला कळतं," असं म्हणायचे. दर चाकाला. मी कंटाळायचे. मला ढकलायला आवडायचं. ढकलून हात सोडला की ते चाक आपल्या मनाने चालायचं, आणि त्या सगळ्या वर्षात मला दुसरं काहीच आपल्या मनाने चालताना दिसत नव्हतं.

आईला हे आवडत नव्हतं. ती भांडली नाही, ती भांडायचीच नाही. ती फक्त म्हणाली, "विजय, तुला करमत नाही हे मला समजतं. पण मनूला त्यात ओढू नकोस. तिच्या हाताला ग्रीस लागलेलं मला चालणार नाही." मग बाबांनी आईच्याच खोक्यातले हॉस्पिटलचे निळे ग्लोव्हज मला आणून दिले. ग्रीसचा प्रश्न मिटला, असं आम्हा दोघांना वाटलं.

आता खंडेनवमी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी भोसरीला वर्कशॉप बंद असायचं आणि सगळी हत्यारं चटईवर मांडलेली असायची. पाने, जॅक, हातोड्या, मशिनं, सगळं तेलाच्या फडक्याने पुसून लखलखीत करायचं, मग हळद-कुंकू, झेंडू. तेल पुसायचं काम माझं होतं, मी पाच-सहा वर्षांची असल्यापासून. आयर्लंडमध्ये आम्ही दसरा करायचो, म्हणजे श्रीखंडाचा डबा आणि व्हिडिओ कॉल. खंडेनवमी मात्र सहा वर्षं कुणी उच्चारलीसुद्धा नव्हती, कारण पूजा करायची कशाची? त्या वर्षी ती शनिवारी आली, आणि रविवारी डेक्लनची वर्षातली शेवटची शर्यत होती. शुक्रवारी बाबांनी चारही चाकं पुसून, खरवडून, टायर चढवून शेडमध्ये ओळीने मांडून ठेवली होती. तुकडे लावायचे तेवढे राहिले होते. शनिवारी सकाळी ते आणि डेक्लन गाडी न्यायची ट्रॉली आणायला गेले. आई ड्युटीवर. घरात मी आणि बायॉलॉजी.

मी खोबरेलाची बाटली घेऊन शेडमध्ये गेले. ऑक्टोबरमध्ये तिकडे खोबरेल बाटलीत दगड होऊन बसतं, म्हणून आमची बाटली कायम रेडिएटरवर असायची. ग्लोव्हज घातले, हात खराब होऊ नयेत म्हणून, आणि चारही चाकं तेलाच्या फडक्याने पुसली. बाहेरून, आणि आतूनही. आतूनही, कारण बाबांनी मला लहानपणी हेच शिकवलं होतं की दिसत नाही ती बाजूसुद्धा पुसायची. मग कोरड्या फडक्याने परत पुसली. थंडीत तेल लगेच गोठलं आणि रिम अगदी कोरडे, चकचकीत दिसायला लागले. त्यावर हळद-कुंकवाची बोटं ओढली. झेंडू मिळाला नाही, म्हणून पेट्रोल पंपावरून आणलेली पिवळी शेवंती ठेवली. उदबत्ती लावली नाही, पेट्रोल होतं शेडमध्ये, तेवढी अक्कल मला होती. मला खूप आनंद झाला होता. मी लपून बसले नाही, दारातच उभी राहिले, कारण मला बाबांचा चेहरा बघायचा होता.

बाबा आले आणि दारातच थांबले. डेक्लन मागून म्हणाला, "हे काय, वाढदिवस आहे की काय कुणाचा?"  बाबांनी चपला काढल्या. शेडमध्ये, ओल्या फरशीवर, पायमोजे भिजत असताना त्यांनी हात जोडले. मग फोन काढून भोसरीच्या शंकरकाकांना, त्यांच्याकडे जुने कामाला होते त्यांना, व्हिडिओ कॉल लावला आणि एकेक चाक दाखवायला लागले. "हे पुढचं डावं बघ. हे मनूने केलंय. हो, आयर्लंडला. अरे, इथेसुद्धा शर्यती असतात बाबा." त्यांचा आवाज इतका मोठा झाला होता की मी सवयीने वर बघितलं, पण वर शेडचं छप्पर होतं. फोन हातात धरूनच ते मला म्हणाले, "आज तुकडे तू लाव." तोपर्यंत चिकटवण्याचं काम त्यांनी मला कधी दिलं नव्हतं. चाकं शुक्रवारीच पुसलेली म्हणून स्पिरिट न लावता मी ग्लोव्हज घातलेल्याच हातांनी चारही चाकं बॅलन्स केली, तुकडे लावले, टेप दाबून बसवली. थंडीत सगळं घट्ट चिकटलं. बाबा फोनवरच होते. त्यांनी येऊन चारही चाकं एकदा ढकलून पाहिली आणि म्हणाले, "एक नंबर."

रविवारी ट्रॅकवर वारा होता आणि गाडीवर तळल्या जाणाऱ्या चिप्सचा वास. आम्ही दोघं टायरच्या ढिगाऱ्यापाशी उभे होतो. पहिल्या चार फेऱ्या डेक्लन सहाव्या नंबरवर होता. पाचव्या फेरीत सरळ रस्त्यावर बाबा एकदम पुढे वाकले. मला काहीच दिसलं नव्हतं. ते म्हणाले, "पुढचं डावं उडतंय." वळणाआधी ब्रेक लागले तेव्हा गाडीचं नाक थडथडताना मलाही दिसलं, आणि मग ती वळलीच नाही. गवतावरून सरळ घसरत जाऊन बांधलेल्या टायरच्या भिंतीला धडकली. आवाज फार मोठा नव्हता. डेक्लन स्वतः बाहेर आला, पण डावं मनगट उजव्या हातात धरून. स्टिअरिंगने हिसका दिला होता आणि हाड मोडलं होतं. बाबा पुढच्या डाव्या चाकापाशी बसले. टेप लोंबत होती आणि तुकडे नव्हते. ब्रेकच्या उष्णतेने रिम तापला होता, आणि त्यातून खोबरेलाचा वास येत होता, डोक्याला लावायच्या तेलाचा, आमच्या घरचा. मला तो उभ्या उभ्या आला. बाबांनी रिमच्या आत अंगठा फिरवला आणि नाकाशी नेला. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. तपासणारा अधिकारी आला, त्याने विचारलं चाक कुणी केलं, आणि बाबा उठून म्हणाले, "मी. माझी चूक." मी दोन पावलांवर होते. मला काही ऐकू आलं नाही असं मी दाखवलं, चिप्सच्या गाडीकडे बघत.

त्यानंतर बाबा भिंतीपलीकडे गेले नाहीत. आईला त्यांनी सांगितलं की काम नीट केलं नाही, माणूस जखमी झाला. आई म्हणाली, "तरी मी म्हणत होते," आणि तिने विषय बंद केला. डेक्लनचा हात प्लास्टरमध्ये होता, त्याला काम नव्हतं. बाबा दर दोन दिवसांनी खिचडी नाहीतर भाजी डब्यात भरून भिंतीवर ठेवायचे आणि तो बाहेर यायच्या आत घरात येऊन दार लावून घ्यायचे. रिकामा डबा भिंतीवर परत यायचा, कधी आत बिस्किटं. मला सगळं माहीत होतं. एक वाक्य बोलले असते तर बाबा शेडमध्ये परत गेले असते, हेही माहीत होतं. पण तेच वाक्य आईच्या कानावर गेलं असतं, आणि मग माझी ती पाऊण तासाची शनिवारची सुटका कायमची संपली असती. शिवाय मला लाज वाटत होती. खरं सांगायचं तर लाजच जास्त होती, सुटकेचं कारण मी नंतर शोधलं. सगळा हिवाळा मी त्या वाक्याबरोबर एका खोलीत बसून पेशींची रचना पाठ केली. बाबा खाली शिट्टी पकडत उभे असायचे. आता ते छत्रीही घ्यायचे नाहीत, भिजत फोडणी द्यायचे. मला वाटायचं ओरडून सांगावं, आणि ओरडायची तर आमच्या घरात सोयच नव्हती.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी दाराची घंटा वाजली. आई नुकतीच उठून, चहाचा कप घेऊन जिन्याच्या मधल्या पायरीवर आली होती, घंटेने वैतागलेली. मी खालच्या टेबलावर बायॉलॉजी घेऊन होते. बाबांनी दार उघडलं. डेक्लन पावसात उभा, पायाशी दोन चाकं, आणि गेटजवळ आणखी दोन. "मार्चमध्ये सीझन सुरू होतोय, विजय. हात ग्रँड आहे, एकदम ठीक. पण तुझ्या हातासारखा नाही."  बाबा म्हणाले, "नको. मी ते काम सोडलं. माझ्यामुळे तुझा हात मोडला." डेक्लन काहीतरी म्हणायला लागला आणि बाबा दार हळूच, बोट मध्ये घालून लावल्यासारखं, पुढे ढकलायला लागले.

मी उठले. माझी खुर्ची मागे पडली. मी इंग्रजीत म्हणाले, "तेल मी लावलं होतं," कारण डेक्लनला कळायला हवं होतं. आणि मग लगेच मराठीत पुन्हा म्हणाले, कारण जिन्यावर आई होती. "बाबांनी नाही. खंडेनवमीला मी खोबरेल लावलं, आतून, आणि तुकडेही मीच चिकटवले. मला शर्यतीच्या दिवशीच कळलं होतं. मी बोलले नाही."

"कसलं खोबरेल?" आई म्हणाली. मी सगळं सांगितलं, उलटसुलट, रडत. डेक्लन मराठी ऐकत पावसात उभाच होता. मी थांबल्यावर तो म्हणाला, "तेल होतं हे मला माहीत आहे. विजयने मला अँब्युलन्समध्येच सांगितलं. कुणी लावलं ते मी विचारलं नाही." मग बाबांकडे मान करून तो आईला म्हणाला, "मी कधी म्हटलं होतं येऊ नकोस म्हणून? युअर मॅनच येईना." युअर मॅन म्हणजे तिकडच्या बोलीत 'हा गडी'.

मी बाबांना म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं ना? मग मला ओरडला का नाहीत? एकदा तरी ओरडायचं."

बाबांनी दाराची कडी धरून ठेवली होती. ते म्हणाले, "तू शिकत होतीस. शिकणाऱ्याच्या हातून होतंच, ते बघायला मी असतो. मी रोज अंगठा फिरवतो की नाही? भोसरीला वीस वर्षं फिरवला. सहा वर्षांत पहिल्यांदा कुणी माझ्या कामाला हळद-कुंकू लावलं, मनू. मला इतकं बरं वाटलं, की त्या दिवशी मी तो फिरवलाच नाही."

आई पायरीवर बसली. तिचा चहा कपातून थोडा सांडला, तिने तो पुसलाही नाही. "सहा वर्षं," ती म्हणाली, कुणाला उद्देशून ते कळलं नाही. मग तिने मला विचारलं, "ग्लोव्हज कुठले होते?" मी म्हटलं, तुझ्या खोक्यातले. ती म्हणाली, "मग कसं कळणार बोटांना. मी शीर शोधते तेव्हा आधी उघड्या बोटाने चाचपते. ग्लोव्हज नंतर." आणि डेक्लनला इंग्रजीत म्हणाली, "आत ये. चाकं हॉलमध्ये ठेव, पावसात नको." माझ्याकडे वळून म्हणाली, "एक तास. मग बायॉलॉजी." वेळापत्रक काही तिने फाडून टाकलं नाही. तसं काही आमच्या घरात होत नसे.

बाबांनी हॉलच्या गालिच्यावर वर्तमानपत्रं पसरली. स्पिरिट आणलं. पुढचं डावं चाक मांडीवर घेऊन त्यांनी आतून पुसलं, दोनदा, आणि अंगठा फिरवून उजेडात धरला. मग माझा हात ओढून माझा अंगठा रिमच्या आत टेकवला आणि पूर्ण गोल फिरवला. धातू थंड होता आणि कोरडा. मी उजेडात धरून बघत होते, तेवढ्यात आत स्वयंपाकघरात डाळ फुसफुसायला लागली. बाबांचे दोन्ही हात स्पिरिटने ओले होते. ते अर्धे उठले, मीही उठले, सवयीने. कुणी पोचायच्या आत शिट्टी झाली, मोठी, खणखणीत, सगळ्या घरभर. डेक्लन दचकला. बाबांनी आणि मी एकाच वेळी जिन्याकडे बघितलं.

आई तिथेच बसली होती, पूर्ण जागी. "होऊ दे," ती म्हणाली.

मग दुसरी झाली, आणि तिसरीही.